उद्घाटनापूर्वी हात लावू नये

‘रत्नागिरी जिल्ह्याच्या दुर्गम भागात संगणकयुगाची पहाट ज्यांच्यामुळे उगवली, त्या मोजक्या द्रष्ट्यांमध्ये सरांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल.’ हे वाक्य माझ्या मानपत्रातले आहे. मानपत्र चौकटीत घालून माझ्या ऑफिसात टांगलेले आहे. सत्कार समितीकडे मराठी टाइप करणारे कोणी नव्हते, म्हणून मजकूर माझ्याच क्लासात आला, आणि ऑपरेटर रजेवर होता म्हणून तो मीच टाइप केला. ‘द्रष्ट्यांमध्ये’ हा शब्द त्या वेळच्या फॉन्टमध्ये सरळ उमटत नव्हता. त्यावर माझी वीस मिनिटे गेली.

संपादकांनी लेख मागताना सुचवले की आठवणी शक्यतो गोड असाव्यात, दिवाळी आहे. प्रयत्न केला. दोन पाने लिहून फाडली. मला या विषयावर गोड लिहिता येत नाही. इतकी वर्षे झाली तरी राग गेलेला नाही, आणि त्यातला बराचसा राग ज्याच्यावर आहे तो माणूस रोज सकाळी दाढी करताना समोर असतो.

तर १९९८ साली मी मुंबईची नोकरी सोडून रत्नागिरीत संगणकाचा क्लास काढला. भांड्यांच्या दुकानाच्या वर दोन खोल्या, सहा यंत्रे. आजच्या मुलांना सांगून खरे वाटत नाही, पण तेव्हा संगणक ही बघायला जायची वस्तू होती. संगणकाला धूळ चालत नाही असे कंपनीच्या माणसाने एकदा सांगितले आणि आमच्याकडे त्याचे सोवळे झाले. चपला बाहेर. हात धुऊन आत. एका पालकांनी विचारले होते की मुलगी चार दिवस क्लासला आली नाही तर चालेल ना. मला प्रश्न कळायला वेळ लागला आणि कळल्यावर उत्तर द्यायला त्याहून वेळ लागला. पहिल्या दसऱ्याला मी स्वतः सहाही यंत्रांची पूजा केली. हळद, कुंकू, झेंडू, अक्षता. नंतर आठवडाभर कीबोर्ड उलटे करून तांदूळ झटकत होतो.

धूळ नव्हे, खरा शत्रू होता खारा वारा. समुद्र जवळ. यंत्राच्या पोटातल्या पट्ट्यांवर हिरवट थर चढायचा आणि संगणक सुरूच व्हायचा नाही. मुंबईहून इंजिनिअर यायला आठ दिवस लागत. मग मला शोध लागला की शाळेच्या कंपासपेटीतल्या खोडरबराने त्या पट्ट्या घासल्या की यंत्र जिवंत होते. जिल्ह्यातल्या माझ्या तांत्रिक कीर्तीचा पाया म्हणजे एक रुपयाचे खोडरबर.

या धंद्याबद्दल बाहेरच्यांचा एक गैरसमज असतो की आम्ही ज्ञान विकतो. ज्ञान पुस्तकात असते आणि पुस्तक पन्नास रुपयांना मिळते. आम्ही विकतो ते बोटांचे तास. यंत्र एक, पोरे तीन, तर एक जण बटणे दाबतो आणि दोघे बघतात. बघणाऱ्यांना वाटते आपण शिकलो. सहा महिन्यांनी तिघांनाही सारखेच प्रमाणपत्र मिळते. क्लास प्रामाणिक की लबाड हे ओळखायचे असेल तर भिंतीवरचे फलक वाचू नयेत. एका पोराची बोटे आठवड्यातून किती तास यंत्रावर पडतात तेवढे विचारावे.

आणि हे मला कोणी विचारले असेल तर एकाच माणसाने. कासमभाई. मिरकरवाड्यात त्यांचे दोन ट्रॉलर होते. मुलीला घेऊन आले. माझी माहितीपत्रिका, रंगीत, आर्ट पेपरवर छापलेली, त्यांनी उघडलीही नाही, तिचा पंख्यासारखा वारा घेत बसले. मी अभ्यासक्रम सांगितला, प्रमाणपत्र सांगितले, भवितव्य सांगितले. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “मास्तर, ता सगला बरोबर. माजी पोर हात लावनार की नुसती बगनार?”

मी म्हटले, लावणार ना.

“मग आता लाव म्हनावा. मी हाय हितं.”

आणि ते खरेच तासभर मुलीच्या खुर्चीमागे उभे राहिले. जाळे शिवायला शिकवताना पोराच्या हातात सुई-दोरा देतात, लांबून दाखवत नाहीत, एवढाच त्यांचा मुद्दा होता. मुलीने स्वतःचे नाव टाइप करून छापून घेतले, तो कागद कासमभाईंनी घडी घालून खिशात ठेवला आणि मगच तिचा प्रवेश झाला. त्यांच्याएवढे अवघड गिऱ्हाईक मला पुन्हा भेटले नाही. हे इथे सांगायचे कारण, पुढे जे झाले ते मला माहीत नव्हते म्हणून झाले असे कोणी समजू नये. मला माहीत होते. कासमभाईंनी तासभर उभे राहून शिकवले होते.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षे झाली होती. क्लास बरा चालला होता आणि मला जिल्हाभर पसरायची स्वप्ने पडत होती. मंडणगड तालुक्यात एका शिक्षणसंस्थेच्या सात शाळा होत्या. गावाचे आणि संस्थेचे नाव लिहीत नाही. त्या भागातल्या वाचकांनी ओळखू नये, आणि ओळखले तर मला फोन करू नये. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब. सत्तरीचे, धिप्पाड, पांढरेशुभ्र कपडे, बोलताना मध्येच थांबून टाळ्यांना जागा ठेवायची सवय. समोर मी एकटा असलो तरी ठेवत. ठरले असे: खोली संस्थेची, दहा यंत्रे आणि शिक्षिका माझी. एक शाळा यशस्वी झाली की उरलेल्या सहा माझ्याकडे. यंत्रे समारंभपूर्वक संस्थेकडे सुपूर्द होईपर्यंत माझी, म्हणून खोलीला कुलूपही माझे.

शिक्षिका म्हणून मी सावंत बाईंना पाठवले. माझ्याच क्लासात शिकून तयार झालेल्या, तिशीच्या, जिभेला धार. गावात एक खोली भाड्याने घेऊन राहिल्या. पहिल्या तुकडीत अठरा जण आले, बहुतेक बारावी झालेले. त्यांत मनीषा भुवड होती. डोंगरावरच्या वाडीतून तासभर उतरून यायची. वडील मुंबईला वॉचमन, राहणे तिथेच जिन्याखाली, घरी आई एकटी, दोन गुरे आणि भाताचा तुकडा. तालुक्याच्या ठिकाणी एका कार्यालयात संगणक चालवणाऱ्याची जागा निघणार होती, स्थानिक उमेदवारासाठी. त्याला सरकारमान्य प्रमाणपत्र लागणार होते आणि त्याची परीक्षा फेब्रुवारीत होती. अर्ज मार्चअखेर. मनीषाचा हिशेब सरळ होता. ती जागा मिळाली तर मंडणगडला रोज एसटीने जाऊन-येऊन आईजवळ राहता येईल. नाही मिळाली तर मुंबईला काकांकडे. तिने हे पहिल्याच दिवशी बाईंना सांगितले होते आणि बाईंनी मला फोनवर. म्हणजे हेही मला माहीत होते.

गणपती झाल्यावर यंत्रे पोचली. मी स्वतः दोन दिवस राहून जोडली, तपासली, वरून प्लास्टिकची आवरणे घातली. तिसऱ्या दिवशी वर्ग सुरू करायचा तर मुख्याध्यापक हात चोळत दारात उभे. दारावर त्यांच्याच सुवाच्य अक्षरात कागद: ‘उद्घाटनापूर्वी हात लावू नये.’

आबासाहेबांनी दसऱ्याला मोठे पाहुणे ठरवले होते. किती मोठे, तर ते यायचे म्हणून शाळेच्या रस्त्यावरचे खड्डे बुजणार होते. “अहो सर,” आबासाहेब मला म्हणाले, “वास्तुशांत झाल्याशिवाय घरात राहायला जातो का आपण?”

मी स्वतः वास्तुशांत न करता घरात चार वर्षे राहत होतो. हे मी बोललो नाही. दसरा तीन आठवड्यांवर होता. तीन आठवड्यांनी काय बिघडते, असे वाटले.

दसऱ्याला पाहुण्यांना दिल्लीला जावे लागले. दिवाळीनंतरची तारीख मिळाली, ती त्यांच्या घरच्या लग्नात गेली. डिसेंबरात नागपूरचे अधिवेशन. जानेवारीत तारीख नक्की झाली, मंडपवाल्याला सांगून झाले, आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली. आचारसंहितेत उद्घाटन करता येत नाही. कुलूप काढून पोरांना आत बसवायला आचारसंहितेची काही हरकत नव्हती, पण तसे आचारसंहितेला कोणी विचारले नाही.

आता वाचकाच्या मनात येईल की मग अठरा पोरे पाच महिने काय करत होती. तीच तर गोष्ट आहे.

सावंत बाईंनी पहिल्या आठवड्यात पुठ्ठे गोळा केले. वह्यांची खोकी, साडीचे बॉक्स, माझ्याच यंत्रांची रिकामी खोकी. त्यांवर पट्टीने आखून अठरा कीबोर्ड काढले, एकेक बटण मापात. पोरे व्हरांड्यात ओळीने बसत. बाई अक्षर पुकारायच्या, पोरे त्या खुणेवर बोट ठेवायची. पण पुठ्ठा बोलत नाही. बरोबर दाबले की चुकले ते कळायला बाईंना जाऊन बघावे लागे. अठरा पोरे, एक बाई. म्हणून त्यांनी नियम केला: अक्षर पुकारले की बोट दाबून ठेवायचे, मी येऊन बघेपर्यंत उचलायचे नाही. हळूहळू बाईंचा वेग वाढला, एका फेरीत सगळ्या ओळीवर नजर फिरायची. नियम तोच राहिला. दाबायचे, धरून ठेवायचे, पुढचे अक्षर आले की मगच सोडायचे.

मी नोव्हेंबरात गेलो तेव्हा हे बघितले. व्हरांड्यात अठरा पोरे मांडीवर पुठ्ठे घेऊन. मनीषा डोळे मिटून करत होती. दहाही बोटे जागच्या जागी, एक चूक नाही. माझ्या रत्नागिरीच्या वातानुकूलित खोलीत त्या दिवशी असा एकही विद्यार्थी नव्हता. मला भरून आले. मी बाईंचे कौतुक केले, जिद्द वगैरे शब्द वापरले. त्यांच्या मागे, दहा पावलांवर, कुलूपबंद खोलीत दहा नवी यंत्रे होती, आणि चावी माझ्या पाकिटात होती.

बाईंनी कौतुक ऐकून घेतले आणि विचारले, “सर, यंत्रं कोणाची?”

माझी, म्हटले.

“कुलूप?”

माझेच.

“मग उद्घाटन कोणाचं राहिलंय? तुमचं?”

मी त्यांना समजावले. समजावणे ही माझी खासियत आहे, त्यावरच क्लास चालतो. म्हटले, सात शाळांचा प्रश्न आहे, एका समारंभासाठी आबासाहेबांना दुखवून चालणार नाही, आणि सातही शाळा मिळाल्या तर दोन-तीनशे पोरांचे कल्याण आहे. दोन-तीनशे पोरांच्या कल्याणासाठी अठरा पोरांना पुठ्ठ्यावर बसवणे मला त्या व्हरांड्यात उभे राहून योग्य वाटले होते. हे मी आज लिहून ठेवतो आहे, कारण मानपत्रात याला दूरदृष्टी म्हटले आहे.

बाईंनी दुसरा मार्ग काढला. रत्नागिरीहून एक जुने यंत्र पाठवा, मी पोरांना आलटून-पालटून बसवते. मी लगेच तयार झालो. पण बातमी आबासाहेबांपर्यंत गेली आणि त्यांचा फोन आला. निमंत्रणपत्रिकेत ‘तालुक्यातील शालेय स्तरावरील पहिले संगणक दालन’ असे छापून झाले होते. आधी एक जुने यंत्र येऊन चालू झाले तर पहिले कसले?

मी म्हटले, बाईंच्या खोलीवर ठेवू, शाळेत नको.

“गाव लहान आहे हो सर,” ते म्हणाले. आणि थांबले. टाळ्यांना जागा ठेवली.

मी बाईंना कळवले की पुढच्या आठवड्यात बघू. असे पुढचे आठवडे मी किती काढले ते मोजलेले नाही. प्रत्येक वेळी काहीतरी खरे कारण होते. खोटे कारण मला कधीच शोधावे लागले नाही, ही या सगळ्यातली सर्वांत वाईट गोष्ट आहे.

परीक्षेचे केंद्र म्हणजे माझा रत्नागिरीचा क्लास. मंडणगडहून रत्नागिरी हा एसटीने जवळपास दिवसाचा प्रवास. पोरे आदल्या संध्याकाळी पोचली, तेव्हा नियमाप्रमाणे यंत्रांवर परीक्षेची प्रणाली चढवून खोलीला सील लावून झाले होते. नाहीतर दोन तास तरी बसवले असते. म्हणजे पुन्हा एक खरे कारण.

नंतर बाईंनी सांगितले की एसटीत त्या सहा तास पोरांच्या मागे लागल्या होत्या: खऱ्या बटणावर बोट ठेवायचं नाही, टिचकी मारल्यासारखं करायचं, लगेच उचलायचं. पोरे सीटच्या पाठीवर टिचक्या मारत आली. पण पाच महिने एक शिकवायचे आणि सहा तासांत दुसरे, हे डोक्याला जमते, बोटांना जमत नाही.

दुसऱ्या दिवशी मी केंद्रप्रमुख. बाहेरून आलेला एक पर्यवेक्षक टेबलाशी. बोलायचे नाही, खुणा करायच्या नाहीत. मनीषा तिसऱ्या यंत्रावर बसली. खरा कीबोर्ड तिने आधी नुसता बोटांनी चाचपला, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसा. मग बरोबर बैठक घेतली, दहा बोटे जागेवर, आणि सुरुवात केली. शेजारी छापील कागदावर इंग्रजी उतारा होता, पहिलाच शब्द ‘द’. तिने टी दाबला आणि धरून ठेवला.

ज्यांनी कधी टाइप केले नाही त्यांच्यासाठी सांगतो. बटण दाबून धरले की संगणक समजतो, याला हेच अक्षर पुन्हा पुन्हा हवे आहे. तो थांबत नाही. पडद्यावर टी धावत सुटला, मग एच, मग ई. साध्या तीन अक्षरांची ओळभर रांग झाली. मनीषा पडद्याकडे बघतच नव्हती. पुठ्ठ्याला पडदा नसतो. ती मान खाली घालून, एकही बटण न चुकवता, पुढे टाइप करत होती.

तीन-चार ओळी झाल्यावर तिने वर बघितले. मी तिच्या मागे उभा होतो, तिचा चेहरा दिसला नाही. पाठ ताठ झालेली दिसली. मग तिने चूक पुसायचे बटण शोधले. ते कुठे असते हे तिला पक्के पाठ होते; पुठ्ठ्यावर उजव्या कोपऱ्यात बाईंनी लाल शाईने काढले होते. तिने ते दाबले. आणि शिकवल्याप्रमाणे धरून ठेवले. रांगच्या रांग मागे गिळत पडदा कोरा झाला.

तिने पुन्हा सुरू केले. पुन्हा तेच.

‘बोट उचल.’ दोन शब्द होते. मी ते बोललो नाही. नियम होता. मी आयुष्यात पाळलेल्या नियमांपैकी ज्यांचा मला संताप येतो त्यांत हा पहिला आहे, आणि तो नियम योग्यच होता हे मला अजून मान्य आहे. बोलायची वेळ नोव्हेंबरात होती, तेव्हा कुठलाच नियम आड आला नव्हता.

निकाल यंत्र तिथल्या तिथे देते. अठरापैकी सात पास झाले. व्हरांड्यात जे गप्पा मारत, बाईंचे लक्ष नसताना पुठ्ठ्यावर नुसती बोटे बडवत, एक नियम पाळत नसत, ते बहुतेक सगळे पास. ज्यांनी बाईंचे ऐकले ते नापास. मनीषाच्या टंकलेखनाला शून्य.

बाहेर बाकावर ती बसली होती. मी म्हटले, तीन महिन्यांनी परत परीक्षा आहे. ती हो म्हणाली. तीन महिन्यांनी म्हणजे मे-अखेर, हे तिने मोजलेले होते, अर्जाची मुदत मार्चअखेर हेही. रडली नाही. मला म्हणाली, “सर, पुठ्ठ्यावर बोट उचलावा लागत नाय.” तक्रार नव्हती त्यात. काय घडले ते मला कळले नसेल म्हणून ती समजावून सांगत होती.

सावंत बाई जिन्यात उभ्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “सर, तुमचा क्लास खूप मोठा होईल.” त्यांनी मला दिलेली ही एकच शिवी. पुढे ती खरी झाली.

उद्घाटन एप्रिलमध्ये झाले. पाहुणे अडीच तास उशिरा आले, पण आले. सनई होती, कॅसेटवरची. कोनशिला होती. दालनाच्या उंबऱ्यावर नारळ फोडला, फीत कापली, पाहुणे आत गेले आणि वीज गेली. एप्रिलमधल्या दुपारी आमच्याकडे वीज जाणे ही बातमी नसते, पण आबासाहेबांना तो वैयक्तिक अपमान वाटला. मुख्याध्यापक वायरमनला शोधायला धावले. वायरमन मंडपात पुढून दुसऱ्या रांगेत बसला होता आणि त्याचे म्हणणे होते की बिघाड वरचा आहे.

यंत्राला जोडलेली बॅटरी होती. पण सात महिने बंद खोलीत पडून ती संपली होती. बॅटरीही वापरली नाही तर मरते, हे मी रत्नागिरीत दर तुकडीला शिकवत असे.

पाहुण्यांना फोटो हवा होता. शेजारी विद्यार्थिनी हवी होती, खऱ्याखुऱ्या टायपिस्टसारखी बोटे ठेवणारी. मुख्याध्यापकांनी आदल्या दिवशीच वाडीवर निरोप धाडून मनीषाला बोलावून ठेवले होते. दहा बोटांनी करणारी तीच, असे त्यांना वाटत होते, आणि त्यात चूक नव्हती. बाईंनी तिला आणायला नकार दिला होता, म्हणून निरोप परस्पर गेला. ती का आली हे मला माहीत नाही. कदाचित शाळेचा निरोप होता म्हणून आली. त्या भागात शाळेच्या निरोपाला अजून मान आहे.

तिला मधल्या यंत्रावर बसवले. आवरण काढले. पडदा काळा. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

“अगं, नुसती बोटं चालव,” आबासाहेब म्हणाले. “फोटोत काय कळतंय?”

तिने बोटे चालवली. पाहुणे तिच्या डोक्यावर हात ठेवून, पडद्याकडे कौतुकाने बघत उभे राहिले. छायाचित्रकाराने तीन-चार वेळा फोटो काढून घेतला. मी भिंतीशी उभा होतो, सावंत बाई दाराबाहेर, आणि आम्हा दोघांनाच कळत होते की ती काय करते आहे. ती परीक्षेतला उतारा टाइप करत होती. पहिल्या शब्दापासून, न चुकता. आणि या वेळी प्रत्येक अक्षरानंतर बोट उचलत होती.

नंतर भाषणे झाली. पाहुणे ज्ञानाच्या गंगेबद्दल पाऊण तास बोलले आणि आंब्याच्या दोन पेट्या घेऊन गेले. वीज साडेपाचला आली. दालनाला तोवर कुलूप लागले होते. सुपूर्दनामा झाल्यामुळे आता ते कुलूप संस्थेचे होते. बाईंनी त्याच संध्याकाळी राजीनामा दिला, कागदाच्या अर्ध्या तावावर, कारण न लिहिता. मी त्यांना पुन्हा बोलवायला गेलो नाही. काय समजावणार होतो?

उरलेल्या सहा शाळा मला मिळाल्या.

मनीषाने मे-अखेर परीक्षा दिली. दहा दिवस आधी रत्नागिरीत मावशीकडे राहून माझ्या क्लासात रोज सराव केला. एवढे मी केले, आणि एवढे केल्याचे समाधान मानायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. टंकलेखनात त्या केंद्रातले सर्वांत जास्त गुण तिला मिळाले. प्रमाणपत्र टपालाने वाडीवर गेले तेव्हा ती मुंबईला काकांकडे जाऊन पंधरा दिवस झाले होते. आई गावी एकटी राहिली. तालुक्याची जागा मार्चमध्ये आलेल्या अर्जांतून भरली गेली होती. निवड झालेला मुलगा त्या अठरांपैकीच होता, बाईंचे न ऐकणाऱ्यांतला. चांगला मुलगा आहे, त्याच्यावर राग नाही.

जूनमध्ये नव्या तुकड्यांची जाहिरात काढायची होती. आमच्या विद्यार्थ्याला सरकारी नोकरी लागली होती, ती ठळक छापायची ठरली. त्याचे नाव मोठ्या टाइपात घेतले, खाली गाव, खाली क्लासचा पत्ता. त्याचा फोटो वेळेत आला नाही, म्हणून उद्घाटनातला मनीषाचा वापरला. चांगला आला होता.